उचंत खात्यातले जंतू

हिशेबाच्या वह्यांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना 'उचंत खाते' ठाऊक असते. पैसे जमा झाले आहेत, पण कोणाकडून आणि कशापोटी हे कळत नाही. अशी रक्कम तात्पुरती उचंत खात्यावर टाकायची आणि तपशील मिळाला की ज्याच्या त्याच्या नावावर वळवायची, ही जुनी रीत. वर्षअखेरीस ताळेबंद जुळवण्याच्या घाईत एखादा कारकून ती रक्कम जवळपास दिसणाऱ्या कुठल्यातरी नावावर ढकलून देतो. ताळेबंद जुळतो आणि चूक त्यात गाडली जाते.

माझी उपजीविका तीसेक वर्षे अशा वह्यांवरच चालली. सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. मुंबईत झालेल्या कुष्ठरोग-संशोधनाचा इतिहास धुंडाळताना मी या विषयाच्या कडेला आलो आणि मग आत ओढला गेलो. जुनी वैद्यकीय नियतकालिके, पाठ्यपुस्तके आणि माझ्या शंकांना न कंटाळणारे दोन-तीन प्रयोगशाळा-तज्ज्ञ, एवढीच माझी शाळा. या वाचनात पुन्हा पुन्हा एकच प्रश्न समोर येत राहिला. रोगजंतूची ओळख पटवणाऱ्या माणसाला किंवा यंत्राला 'हा कोण ते कळत नाही' असे म्हणण्याची सोय आहे का? म्हणजे, प्रयोगशाळेच्या वहीत उचंत खाते आहे का? ते नसेल तर काय होते, हे पुढच्या काही हकिकतींवरून दिसेल.

या हकिकती तीन प्रकारच्या जिवांच्या आहेत. यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. पाव फुगवणारी आणि माडी आंबवणारी मंडळी याच कुळातली. शैवाल म्हणजे तळ्यावर हिरवी साय धरणारे जीव. आणि मायकोबॅक्टेरिया हे जीवाणू. क्षय आणि कुष्ठरोग यांचे जंतू त्यांत येतात. उत्क्रांतीच्या झाडावर या तिघांमधले अंतर माणूस आणि आंब्याचे झाड यांच्यातल्या अंतराहून कमी नाही. तरीही प्रयोगशाळेच्या दृष्टीने तिघांत एक साम्य आहे. नेहमीच्या जीवाणूंसाठी बसवलेल्या तपासण्यांच्या चाकोरीत ते बसत नाहीत आणि नेहमीच्या प्रतिजैविकांना ते जुमानत नाहीत. त्यामुळे त्यांचे नाव चुकले तर नुसती नोंद चुकत नाही, औषध चुकते. आयसोनायझिड हे औषध मायकोबॅक्टेरियाच्या भिंतीतले मेणकट मायकोलिक आम्ल बनू देत नाही. यीस्टच्या अंगी ते आम्लच नाही. फ्लुकोनॅझोल बुरशीच्या आवरणातल्या अर्गोस्टेरॉलवर घाला घालते. क्षयाच्या जंतूला त्याचे सोयरसुतक नाही. औषधे नावांना बांधलेली असतात.

आडनाव कळते, नाव नाही

क्षयाच्या जंतूपासून सुरुवात करू. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये तो जगापुढे मांडला. त्याच वर्षी पॉल एर्लिख यांच्या ध्यानात आले, की या जंतूने एकदा रंग धरला की आम्लाने धुऊनही तो सुटत नाही. फ्रान्झ झील आणि फ्रिडरिश नील्सन यांनी ही पद्धत सुधारली आणि तिला त्या दोघांचे नाव मिळाले. काचपट्टीवर थुंकीचा पातळ थर पसरायचा, त्यावर कार्बोल फ्युक्सिन हा लाल रंग ओतून वाफ निघेपर्यंत पट्टी तापवायची, मग आम्लाने धुवायची आणि शेवटी मिथिलिन ब्लू द्यायचा. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसल्या की अहवालात 'आम्लरोधी जंतू आढळले' असे लिहितात. मेणकट भिंतीत शिरलेला लाल रंग आम्लाला बाहेर काढता येत नाही, हे त्यामागचे कारण.

एवढ्या स्वस्त तपासणीने गेली सव्वाशेहून अधिक वर्षे जगभर काम केले आहे. पण तिच्या दोन मर्यादा आहेत. एक मर्यादा संख्येची. थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण ५,००० ते १०,००० जंतू असल्याशिवाय ते सूक्ष्मदर्शकाखाली सहसा सापडत नाहीत. दुसरी मर्यादा ओळखीची. मायकोबॅक्टेरियाच्या दोनशेच्या आसपास जाती आज माहीत आहेत आणि त्या सगळ्याच आम्लरोधी असतात. लाल काडी आपल्याला जंतूचे आडनाव सांगते, नाव सांगत नाही. आपल्यासारख्या क्षयाने गांजलेल्या देशात त्या आडनावाचा माणूस बहुतेक वेळा क्षयाचाच जंतू असतो, म्हणून अंदाज सहसा बरोबर ठरतो. प्रश्न उरतो तो उरलेल्यांचा.

नाव हवे असेल तर जंतू वाढवावा लागतो. त्यासाठीचे लोवेनस्टाइन-जेन्सन नावाचे जुने माध्यम आजही वापरात आहे. त्यात कोंबडीची अंडी असतात, ग्लिसरॉल असते आणि इतर जीवाणूंना अटकाव करणारा मॅलाकाइट ग्रीन हा रंग असतो. हे मिश्रण बाटलीत तिरपे ठेवून उष्णतेने घट्ट करतात, त्यामुळे प्रत्येक बाटलीत एक हिरवा उतार तयार होतो. नेहमीचा आतड्यातला ई. कोलाय जंतू अनुकूल परिस्थितीत वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी जवळजवळ एक दिवस लागतो. मग हिरव्या उतारावर फिकट बदामी, खरबरीत, फुलकोबीच्या तुऱ्यासारखी वसाहत दिसायला तीन-चार आठवडे जातात, आणि 'वाढ नाही' असे म्हणायला आठ.

वसाहत आली म्हणजे नाव मिळाले असे नाही. तिथून पुढे एकेक प्रश्न विचारत जावे लागते. क्षयाचा जंतू नायसिन तयार करतो, पण ते पुढे वापरू शकत नाही, त्यामुळे ते साठत जाते. इतर बहुतेक भाऊबंद ते वापरून टाकतात. एका रासायनिक क्रियेने नायसिन पिवळे दिसले की क्षयाच्या बाजूने एक साक्ष झाली. या चाचणीत विषारी रसायन लागत असल्याने आता तिची जागा बहुतेक ठिकाणी एका पट्टीने घेतली आहे. क्षयाच्या जंतूंचा गट बाहेर टाकत असलेले एमपीटी-६४ हे प्रथिन ती पकडते आणि पंधरा मिनिटांत उत्तर देते.

क्षयाव्यतिरिक्तच्या मायकोबॅक्टेरियांची वर्गवारी करण्याचे काम अमेरिकेतल्या अर्नेस्ट रन्यन यांनी केले. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मांडणीत कसोट्या दोनच आहेत, रंग आणि वेग. काही जाती अंधारात पांढरट वाढतात आणि उजेड दाखवला की दुसऱ्या दिवशी पिवळ्या होतात. १९५३ साली कॅन्सस शहरात वर्णन झालेला मायकोबॅक्टेरियम कॅन्ससाय हा त्यांतला. काही जाती अंधारातही पिवळ्या-नारिंगी असतात. काहींना रंगच नसतो. चौथा गट घाई करणाऱ्यांचा. सात दिवसांच्या आत त्यांची वसाहत दिसते. या चौथ्या गटातला मायकोबॅक्टेरियम केलोनी प्रथम १९०३ साली बर्लिनमधल्या एका कासवात सापडला, आणि ग्रीक भाषेतले कासवच त्याच्या नावात आहे. एक बाटली, एक दिवा आणि एक दिनदर्शिका एवढ्या सामग्रीवर उभी असलेली ही वर्गवारी मला आजही थक्क करते.

तिचे मोल मला कळले ते ओळखीच्या एका बाईंच्या आजारपणात. दुर्बिणीतून पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली, टाके भरले, बाई घरी आल्या. काही आठवड्यांनी पोटावर जिथून दुर्बीण घातली होती नेमक्या त्याच जागी गाठी आल्या, फुटल्या, वाहू लागल्या. पुवाच्या तपासणीत लाल काड्या दिसल्या. 'टीबी' असे निदान होऊन क्षयाची चार औषधे सुरू झाली. चार महिने त्या इमानेइतबारे गोळ्या घेत होत्या. जखम वाहतच होती. शेवटी दुसऱ्या ठिकाणी पू वाढवून पाहिला, तेव्हा पाचव्या दिवशीच वसाहत आली. पाच दिवसांत वाढणारा जंतू क्षयाचा असूच शकत नाही. तो चौथ्या गटातला निघाला. हे जंतू नळाच्या पाण्यात, मातीत सर्वत्र असतात, आणि नीट निर्जंतुक न झालेल्या उपकरणांबरोबर शरीरात शिरतात. आयसोनायझिड, रिफाम्पिसिन यांना ते सहसा दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन, अमिकासिन अशी वेगळी औषधे लागतात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतरचे असे संसर्ग भारतातून वारंवार नोंदले गेले आहेत. पहिल्या अहवालातला 'आम्लरोधी जंतू आढळले' हा शब्द न् शब्द खरा होता. चूक झाली ती आडनाव वाचून नाव गृहीत धरले गेले तिथे.

परळचा अनामिक

आता ज्या हकिकतीने मला या वाटेवर आणले ती सांगतो. नॉर्वेतल्या बर्गन येथे गेरहार्ड आर्माउर हान्सन यांनी १८७३ साली कुष्ठरोगाचा जंतू पाहिला, म्हणजे कॉख यांच्याही नऊ वर्षे आधी. पण आजतागायत तो कोणत्याही कृत्रिम माध्यमावर वाढलेला नाही. २००१ साली त्याच्या जनुकांचा संपूर्ण आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यामागचे कारण बरेचसे उलगडले. त्याची ११०० हून अधिक जनुके निकामी झालेली आहेत. परक्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या राहून स्वतःची चूल विसरलेल्या माणसासारखी त्याची अवस्था आहे. उंदराच्या तळपायात आणि आर्माडिलो या प्राण्यात तो वाढतो, बाटलीत नाही. त्यामुळे कुष्ठरोगाची ओळख आजही त्वचेवरचा बधिर चट्टा, जाड झालेली नस आणि कानाच्या पाळीवर बारीक छेद घेऊन केलेली झील-नील्सन तपासणी यांच्यावरच मुख्यतः उभी आहे.

अशा जंतूला वाढवण्याची स्वप्ने अनेकांनी पाहिली. मुंबईत परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर ही संस्था होती. डॉ. वसंत रामजी खानोलकर तिचे संचालक होते, आणि पुण्यात जन्मलेल्या, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी तिथे देशातली पहिली ऊतक-संवर्धनाची प्रयोगशाळा उभारली होती. १९५८ साली संशोधन-साहित्यात सी. व्ही. बापट म्हणून ओळखले जाणारे त्यांचे सहकारी, रणदिवे आणि खानोलकर या तिघांनी जाहीर केले, की कुष्ठरोग्याच्या गाठीतून घेतलेला एक आम्लरोधी जंतू त्यांनी प्रयोगशाळेत वाढवला आहे.

हाच तो कुष्ठरोगाचा जंतू, असे म्हणण्याचा मोह केवढा असेल याची कल्पना करावी. सगळे जग त्याच्या मागे होते. पण त्या निबंधाच्या शीर्षकात कुष्ठरोग्यापासून मिळालेला 'एक आम्लरोधी मायकोबॅक्टेरियम' एवढेच होते, आणि जंतूला नाव मिळाले ते संस्थेच्या आद्याक्षरांचे: आयसीआरसी बॅसिलस. माझ्या भाषेत, त्यांनी तो उचंत खात्यावर टाकला. पुढच्या अभ्यासात तो कुष्ठरोगाचा जंतू नसून मायकोबॅक्टेरियम एव्हियम आणि इंट्रासेल्युलारे यांच्या गटातला असल्याचे दिसून आले.

गोष्ट इथेच संपली असती तर ती फसलेल्या आशेची झाली असती. पण या जंतूचे काही गुण कुष्ठरोगाच्या जंतूशी जुळत होते. डॉ. एम. जी. देव आणि बापट यांच्या गटाने १९७९च्या सुमारास गॅमा किरणांनी मारलेल्या आयसीआरसी जंतूंची लस तयार केली. तमिळनाडूत सुमारे १,७१,००० लोकांवर झालेल्या तौलनिक चाचणीत या लसीने कुष्ठरोगापासून ६५.५ टक्के संरक्षण दिल्याचे १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्याच चाचणीत नुसत्या बीसीजीचे संरक्षण ३४.१ टक्के होते. आणखी एक गंमत अशी, की याच चाचणीतली तिसरी एक लस 'मायकोबॅक्टेरियम डब्ल्यू' या जंतूपासून केलेली होती. तेही नाव नव्हते, नुसते अक्षर होते. २००९ साली त्याला मायकोबॅक्टेरियम इंडिकस प्रानी असे नाव मिळाले. त्यातले 'प्रानी' हे तो पुढे आणणारे शास्त्रज्ञ प्राण तलवार यांच्यावरून. उचंत खात्यातली रक्कम काही दशकांनी आपल्या खात्यावर वळली, ती कागद जपून ठेवले होते म्हणून.

हिरवेपण गमावलेले शैवाल

दुसरी मंडळी त्याहून विलक्षण. १८९४ साली जर्मनीत विल्हेल्म क्र्यूगर यांनी झाडांच्या खोडांतून पाझरणाऱ्या चिकट रसात काही गोलसर, रंगहीन पेशी पाहिल्या. त्यांना ती बुरशी वाटली. त्यांनी तिला प्रोटोथेका असे नाव दिले. ते शैवाल आहे हे पुढे कळले. क्लोरेला हा हिरवा जीव त्याचा नातलग. प्रोटोथेकाने मात्र हरितद्रव्य गमावले आहे, आणि उन्हावर जगण्याऐवजी तो आयत्या अन्नावर जगतो. सांडपाणी, चिखल, शेण, झाडांचा रस अशा ओल्या जागी तो सापडतो.

१९५२ साली जर्मनीतच गाईंच्या कासदाहात, म्हणजे गावाकडे ज्याला 'दगडी' म्हणतात त्या रोगात, प्रोटोथेका आढळला. १९६४ साली सिएरा लिओनमधल्या एका भातशेतकऱ्याच्या पायावरच्या जखमेत तो सापडल्याची नोंद झाली, आणि शैवालही माणसाला रोग देऊ शकते हे वैद्यकाला मान्य करावे लागले. चिखलात अनवाणी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या पायाला ही जखम झाली, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

प्रयोगशाळेत प्रोटोथेका हुबेहूब यीस्टचे सोंग घेतो. बुरशीसाठीच्या साबुरो माध्यमावर दोन-तीन दिवसांत मऊ, पांढरट, सायीसारखी वसाहत येते. नुसत्या डोळ्यांना ती यीस्टची वाटते. सोंग उतरते ते सूक्ष्मदर्शकाखाली. यीस्टच्या पेशीला बाजूने कोंब फुटतो आणि तो वाढून वेगळा होतो. प्रोटोथेकाला कोंब कधीच फुटत नाही. त्याची पेशी आतल्या आत विभागते, पोटात पिले भरतात, आणि शेवटी आईचे आवरण फाटून ती बाहेर पडतात. प्रोटोथेका विकरहॅमी या जातीत ही पिले मध्याभोवती पाकळ्यांसारखी रचलेली दिसतात. काचपट्टीवर निळ्या रंगाचा एक थेंब आणि पाहणाऱ्याची पाच मिनिटे, एवढ्यात दोन्हींतला फरक कळतो. पण 'यीस्ट आहे' असे मनात धरून कोणी पट्टी बघितलीच नाही, तर कळत नाही.

कळण्याचा उपयोग काय? माणसामध्ये या संसर्गावर अँफोटेरिसिन-बी हे औषध बऱ्यापैकी लागू पडते. यीस्टवर सर्रास दिली जाणारी फ्लुकोनॅझोलसारखी औषधे बेभरवशाची ठरतात. गाईच्या बाबतीत तर खात्रीचा इलाजच नाही. नेहमीचा जीवाणूजन्य कासदाह समजून सडात प्रतिजैविकाच्या नळ्या मागून नळ्या सोडल्या जातात, पैसा जातो, दूध टाकून द्यावे लागते, आणि तोवर एका गाईचा रोग दूध काढणाऱ्याच्या हातांनी दुसरीला पोचतो. वेळेवर नाव कळले तर निदान ती गाय वेगळी बांधता येते. कासदाहात सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराला २०१९ साली प्रोटोथेका बोविस असे स्वतंत्र नाव मिळाले. त्याआधी तो प्रोटोथेका झोप्फाय या जातीचाच एक उपप्रकार मानला जाई.

कानातले यीस्ट

तिसरी हकिकत आपल्या डोळ्यांदेखत घडलेली. २००९ साली टोकियोतल्या एका रुग्णालयात ७० वर्षांच्या एका स्त्रीच्या कानातून एक यीस्ट मिळाले. कोणत्याच माहीत जातीशी ते जुळेना. जपानी संशोधकांनी त्याला कँडिडा ऑरिस असे नाव दिले. लॅटिनमध्ये ऑरिस म्हणजे कान. दोन वर्षांनी दक्षिण कोरियातून रक्तातल्या संसर्गाची नोंद झाली, आणि तिथल्या जुन्या नमुन्यांत १९९६ सालचा एक नमुनाही हाच निघाला. २०१३ साली अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी दिल्लीतल्या दोन रुग्णालयांतल्या १२ रुग्णांमध्ये तो दाखवून दिला. नंतर भारतातल्या २७ अतिदक्षता विभागांच्या अभ्यासात कँडिडाच्या रक्तसंसर्गांपैकी ५.३ टक्के याचे असल्याचे, आणि २७ पैकी १९ विभागांत तो पोचल्याचे आढळले.

तोवर तो प्रयोगशाळांना का दिसला नाही? दिसत होता, पण दुसऱ्यांच्या नावाने. यीस्ट ओळखण्याच्या व्यापारी संचांमध्ये प्लॅस्टिकच्या छोट्या खाचांत निरनिराळ्या साखरा आणि रसायने असतात. कोणती साखर यीस्टने वापरली आणि कोणती नाही, यावरून होकार-नकारांची एक माळ तयार होते, आणि यंत्र ती आपल्या यादीशी ताडून पाहते. यादी कँडिडा ऑरिस सापडण्याआधी केलेली. व्हायटेक या यंत्राने त्याला कँडिडा हेम्युलोनी म्हटले. एपीआय संचाने चक्क रोडोटोरुला ग्लुटिनिस म्हटले. यातली मेख अशी, की रोडोटोरुलाची वसाहत लालसर-गुलाबी असते, आणि समोरची वसाहत पांढरट होती! अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने प्रयोगशाळांना दिलेल्या सूचनेत हा मुद्दा आवर्जून घातला: यंत्र रोडोटोरुला म्हणत असेल आणि लाल रंग दिसत नसेल, तर संशय घ्या. उबवणपेटीचे तापमान ४२ अंशांवर नेणे ही आणखी एक साधी युक्ती. ऑरिस तिथे वाढतो, हेम्युलोनी वाढत नाही.

इथे नावाचा प्रश्न एका रोग्यापुरता राहत नाही. बहुतेक कँडिडा आपल्या स्वतःच्याच आतड्यांतून येतात; एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर सहसा जात नाहीत. ऑरिस मात्र त्वचेवर, खाटेच्या कठड्यावर, तापमापकावर आठवडेच्या आठवडे टिकतो आणि विभागभर पसरतो. नेहमीच्या काही जंतुनाशकांना तो पुरता बधत नाही. क्लोरीनयुक्त द्रावण लागते. त्याचे बहुतेक नमुने फ्लुकोनॅझोलला दाद देत नाहीत. म्हणजे 'हेम्युलोनी' असे लिहून कागद फायलीत गेला, की रोग्याला वेगळे ठेवले जात नाही, खोली योग्य रसायनाने पुसली जात नाही, आणि पुढच्या खाटेवरच्या माणसाची पाळी येते.

जगभरच्या जुन्या साठ्यांत मग याचा शोध घेतला गेला, तेव्हा २००९ पूर्वीचे नमुने अगदी मोजके निघाले. म्हणजे तो नुसता लपलेला नव्हता, खरोखर नव्याने पसरत होता. आणि दक्षिण आशिया, पूर्व आशिया, दक्षिण आफ्रिका व दक्षिण अमेरिका इथले त्याचे वंश एकमेकांपासून स्पष्ट वेगळे होते. हे कळू शकले ते शीतपेट्यांत कुप्या राखून ठेवणाऱ्यांमुळे. ऑक्टोबर २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घातक बुरश्यांची यादी काढली, तेव्हा सर्वांत गंभीर अशा चार जातींत याचा समावेश होता. २०२४ साली वर्गीकरणकारांनी त्याला कँडिडाच्या घरातून काढून कँडिडोझायमा ऑरिस असे नवे नाव दिले.

यंत्र काय सांगते, काय सांगत नाही

आता मोठ्या प्रयोगशाळांत साखरांची जागा वजनाने घेतली आहे. मॅल्डी-टॉफ या यंत्रात वसाहतीचा कणभर भाग धातूच्या पट्टीवर फासतात, त्यावर एका रसायनाचा थेंब देतात आणि लेझरचा झोत सोडतात. जंतूतली प्रथिने न मोडता उडतात आणि एका नळीतून धावतात. हलकी आधी पोचतात, जड मागून. पोचण्याच्या वेळांवरून उंच-सखल रेषांचा एक ठसा उमटतो. प्रथिने न मोडता उडवण्याच्या शोधासाठी जपानच्या कोइची तनाका यांना २००२ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. यीस्टचे नाव यात काही मिनिटांत मिळते. मायकोबॅक्टेरियाची मेणकट भिंत इथेही आडवी येते. त्यांना आधी मारावे लागते आणि बारीक मण्यांबरोबर हलवून फोडावे लागते.

या यंत्राची मला आवडलेली गोष्ट म्हणजे ते नावाबरोबर गुणही देते. प्रचलित पद्धतींपैकी एकीत गुण २ किंवा त्याहून अधिक असतील तर जातीचे नाव खात्रीचे मानतात, आणि १.७च्या खाली असतील तर 'विश्वासार्ह ओळख नाही' असे यंत्र स्वतःच सांगते. यंत्राला उचंत खाते दिलेले आहे. पण त्याचाही ठसा यादीशीच ताडला जातो, आणि यादी माणसे करतात.

जनुके वाचली की सगळा प्रश्न सुटतो, असे पुष्कळांना वाटते. कोणाचे कोणते जनुक वाचायचे हे तरी आधी ठरवावे लागतेच. जीवाणूंसाठी सर्वत्र वापरले जाणारे १६-एस हे जनुक मायकोबॅक्टेरियम कॅन्ससाय आणि मायकोबॅक्टेरियम गॅस्ट्री या दोन जातींत तंतोतंत सारखे आहे. पहिला फुप्फुसाचा रोग देतो, दुसरा सहसा निरुपद्रवी. त्या एका जनुकावर विसंबले तर दोघे एकच. क्षयासाठी गावोगाव पोचलेल्या जलद चाचण्या, ज्यांत गोव्याच्या मोलबायो कंपनीची ट्रूनॅटही आली, नेमके दोन प्रश्न विचारतात: क्षयाच्या गटातला जंतू आहे का, आणि असल्यास रिफाम्पिसिनला तो दाद देईल का? या चाचण्यांनी निदानाचा वेळ आठवड्यांवरून तासांवर आणला, हे मोठेच काम. पण पट्टीवर लाल काड्या दिसताहेत आणि ही चाचणी 'नाही' म्हणते, तेव्हा त्या 'नाही'चा अर्थ रोग नाही असा होत नाही. बहुधा त्याच आडनावाचा दुसरा कोणी दारात उभा आहे, एवढाच होतो. अशा वेळी नमुना वाढवून पुढे पाठवावा लागतो.

वाचकाला यातून घेण्यासारखे थोडेच आहे, पण उपयोगाचे आहे. घरात कोणी क्षयाची औषधे नियमित घेत असून सुधारणा दिसत नसेल, तर डॉक्टरांना आदराने दोन गोष्टी विचाराव्यात: नमुना वाढवून पाहिला आहे का? आणि जंतूची जात ठरली आहे का? अहवालावर 'आम्लरोधी' किंवा 'यीस्टसदृश' असा शब्द असेल तर तो मुक्कामाचा शब्द नव्हे, वाटेतला आहे हे लक्षात ठेवावे. आणि एखाद्या प्रयोगशाळेने 'ओळख पटली नाही, नमुना पुढे पाठवत आहोत' असे लिहून दिले तर तिच्यावर रागावू नये. वह्या तपासण्यात माझे आयुष्य गेले. ज्या वहीत उचंत खात्यावर कधीच काही नसते, तीच वही मी जास्त बारकाईने तपासत आलो आहे.